तुला डायबेटिस नव्हता, नंदू

नंदू,

परवा मी तुझ्या फ्लॅटची झडती घेतली. आवराआवर करायला बेसिंगस्टोकला जाते, असं घरी श्रीकांतला सांगून निघाले होते. सोबत काळ्या पिशव्या होत्या, रबरी हातमोजे होते. पण आवरायला गेलेली बाई आधी पडदे काढते, फ्रिज रिकामा करते. मी गेल्या गेल्या फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. मग वॉशिंग मशीनचा ड्रम. बॉयलरच्या मागची फट. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात. गादीखाली, बुटांत, सूटकेसच्या अस्तरात. तुझ्या सगळ्या जुन्या जागा मला पाठ आहेत. तू जाऊन तीन आठवडे झाले, तरी हात आपोआप तिकडेच जातो.

काही सापडलं नाही. म्हणजे अजून कुठेतरी असणार, हेच पहिल्यांदा मनात आलं.

अशी ही तुझी ताई. एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलेली. प्रत्येक प्रिस्क्रिप्शन चुकलेलं आहे असं धरूनच वाचायचं, ही आमच्या कामाची पहिली शिस्त. ती शिस्त मी घरी आणली आणि चार वर्षं तुझ्यावर चालवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. मी तर पाणीही फुंकून प्यायला लागले होते.

शेवटी किचनच्या सर्वांत वरच्या कपाटात, कुकरच्या मागे, बाटली मिळाली. रेड वाइनची. मी स्टुलावर उभी होते, ते स्टूल हललं. खरं सांगू? त्या क्षणी मला दुःख झालं नाही. 'बघ, मी म्हणत नव्हते!' असं झालं, आणि इतकं मोकळं वाटलं की मी स्टुलावरच बसकण मारली. भावाच्या घरात दारू सापडली म्हणून मी देवाचे आभार मानत होते. असं का, ते पुढे सांगते. पण वाटलं ते वाटलं.

मग नीट पाहिलं. बाटलीचं सील तसंच होतं. वर धुळीचा थर. गळ्यात सोनेरी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, 'नंदूला, हॅपी ख्रिसमस, लिंडा.' मी तुझ्या ऑफिसात फोन लावून त्या लिंडाला गाठलं. मला विचारल्याशिवाय राहवलंच नाही. ती म्हणाली, दोन ख्रिसमस झाले त्याला, तो पीत नाही हे मला माहीत नव्हतं तेव्हा. तो हसला, म्हणाला, माझ्या बहिणीला देईन, तिला रेड आवडते.

मला आवडते, हे खरं आहे. म्हणजे बाटली माझी होती, आणि ती हातात घेऊन माझ्या दारात यायची तुझी छाती झाली नाही. आणि ती तू दोन वर्षं घरात ठेवलीस आणि उघडली नाहीस. या दुसऱ्या गोष्टीचा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

तुला डायबेटिस नव्हता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि लिहितानाही खोलीचं दार लावून घेतलं आहे.

रिहॅबमधून तू बाहेर आलास तो ऑक्टोबर होता. मेधा तोवर संसार मोडून पुण्याला परत गेली होती, नोकरी गेली होती, आणि तू आमच्या स्टॅनमोरच्या घरात, वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये राहत होतास. दिवाळीत आपल्या मराठी मंडळातल्या एकांकडे फराळाचं बोलावणं आलं. मी तुला नेणार नव्हते. तूच म्हणालास, "किती दिवस कोंडून ठेवशील, ताई?" म्हणून गेलो. तिथे यजमान ग्लास घेऊन तुझ्यापुढे उभे. "घे रे नंदू, सिंगल मॉल्ट आहे. खास एडिनबराहून आणलीय."

"नको."

"अरे, एकाने काय होतं?"

तू पुन्हा नको म्हणालास आणि मग एक श्वास घेतलास. तुझ्या चेहऱ्यावर सरळ काहीतरी सांगून टाकायची तयारी मला दिसली, ते रिहॅबमध्ये शिकवतात तसलं. तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "अहो, त्याला डायबेटिस निघालाय."

काय जादू झाली! ग्लास मागे गेला. सगळ्यांचे चेहरे मायेने भरून आले. डायबेटिस म्हणजे आपल्या लोकांतला अगदी घरंदाज आजार. शिकलेल्या, चार पैसे मिळवणाऱ्या माणसालाच होतो अशी समजूत. अर्ध्या मंडळाला तो आहे आणि उरलेलं अर्धं मंडळ वाट बघतंय. कुणी भगरीची रेसिपी सांगितली, कुणी मेथ्यांचं पाणी. बर्वे डॉक्टर तर खूशच झाले. सत्तरी ओलांडलेले, तीस वर्षं जीपी म्हणून काढलेले, आणि स्वतः जुने डायबेटिक. शुगर तपासायचं मशीन कायम खिशात. त्यांना आयता शिष्य मिळाला. बाजूला घेऊन त्यांनी तुला पायांची निगा कशी राखायची ते अर्धा तास समजावलं, आणि तू सगळं मान डोलवत ऐकून घेतलंस. गाडीत बसल्यावर म्हणालास, "ताई, आता मला रोज पायांना क्रीम लावावं लागणार." आपण तिघंही खूप हसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी घरी आले आणि शांत झोपले.

पण दारू सोडलेल्याला गोडाची ओढ लागते. तुझ्या मंगळवारच्या ग्रुपमध्ये, तूच सांगायचास, सगळे खिशात चॉकलेटं घेऊन बसतात. आणि तुझ्यासमोरून मंडळाच्या गणपतीत मोदकांचं ताट तसंच पुढे सरकायचं. "नंदूला नका देऊ हं," असं चार बायका एकदम म्हणायच्या. तू गोरामोरा होऊन काकडी खायचास. घरी आल्यावर ओट्याशी उभा राहून डब्यातून बेसनाचे लाडू खायचास, एकामागून एक चार. बेल वाजली की डबा कपाटात. बाटल्या लपवणारा माझा भाऊ आता लाडू लपवत होता, आणि मी त्याला डबा भरून देत होते.

नागपूरला आईलाही हेच सांगितलं. "बाबूला साखर कशी काय झाली? आपल्या घरात तर कोणालेच नाही," ती फोनवर रडली, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती जांभळाच्या बियांचं चूर्ण पाठवायला लागली. परवा तुझ्या कपाटात त्याची अकरा पाकिटं होती. दहा रिकामी, घडी घालून रबर लावून ठेवलेली. अकराव्यात चमचा होता. मला आधी कळेचना. मग आठवलं, आई दर रविवारी फोनवर विचारायची, "घेऊन राहिला ना? चव कशी आहे?" आणि तू म्हणायचास, "खूप कडू आहे गं." तेवढं तरी तिच्याशी खरं बोलता यावं म्हणून तू नसलेल्या आजाराचं औषध चार वर्षं घेत होतास. मी ते अकरावं पाकीट पर्समध्ये घालून घरी आणलं आहे. त्याचं काय करायचं ते माहीत नाही.

त्या चार वर्षांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, नंदू. फार छान होतास तू. आम्हाला आमचा नंदू परत मिळाला होता. पुढे नोकरी लागून तू बेसिंगस्टोकला वेगळा राहायला गेलास, तरी शनिवार-रविवार आमच्याकडेच असायचास. तुझ्या भाचीला, इराला गणित शिकवताना तिच्यापेक्षा तूच जास्त रमायचास. श्रीकांतला आवडतो तसा चहा या घरात फक्त तुला जमायचा. मला हे सगळं दिसत होतं आणि मी सुखात होते, पण ते सुख मी कधी हातात घेतलं नाही. लांबूनच त्याच्यावर नजर ठेवून राहिले. तू बाथरूममध्ये जास्त वेळ काढलास की मी जिन्यात उभी. तुझा कप धुवायच्या आधी नाकाशी. डिप्रेशनच्या गोळ्या तू घ्यायचास, त्या मी मोजायचे. एकदा तू ओट्याशी भांडी पुसता पुसता म्हणालास, "दारू वरवरची होती, ताई. ती निघाली तेव्हा कळलं, खाली दुसरंच काहीतरी बसलंय." आता कुणीही माणूस विचारेल, काय बसलंय? मी विचारलं, "आजची गोळी घेतलीस ना?" तू हो म्हणालास आणि पुढचं भांडं घेतलंस. खाली काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

गेल्या गणपतीनंतरचं आपलं भांडण तसंच राहिलं. तू म्हणालास, "ताई, मी एकदा मंडळात सांगून टाकतो."

"काय?"

"हेच. की मला शुगर-बिगर काही नाही. मी अल्कोहोलिक आहे."

"होतास."

"आहे, ताई. आम्ही असंच म्हणतो."

"तुमचं काय जातं म्हणायला? तुझ्या मंगळवारवाल्यांना या लोकांत राहायचं नाहीये. इरा आहे. उद्या आईच्या कानावर गेलं तर?"

तू शांतपणे म्हणालास, "प्यायचो तेव्हा मी डोळे उघडल्यापासून खोटं बोलायचो. ते सुटलं तेव्हा कुठे जगलो. आणि आता दर कार्यक्रमाला तू मला त्यातलंच थोडं थोडं पाजतेस."

"मला शिकवू नकोस. तुझं काय काय निस्तरलंय मी, ते आठव."

हा माझा हुकमाचा एक्का होता. तो टाकला की तू पान खाली ठेवायचास. त्या दिवशीही ठेवलंस. जिंकल्यासारखं वाटलं मला. आज तू समोर असतास तर मी वाटेल तितक्या वेळा हरले असते.

म्हणून जानेवारीत तू स्वतः फोन करून म्हणालास, "संक्रांतीच्या कार्यक्रमाला येतोय मी," तेव्हा मला संशय आला. हा स्वतःहून का येतोय? आज माइकपाशी उभा राहणार की काय?

त्या शनिवारची दुपार मी रोज पुन्हा पुन्हा तपासते. शाळेचा हॉल, काळ्या साड्या, तिळगुळाचे स्टीलचे डबे. तू काळा शर्ट घालून आलास, वाकून मला नमस्कार केलास, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवता ठेवता वास घेतला. आफ्टरशेव्ह. एवढं आफ्टरशेव्ह कशाला?

"ताई, यू आर डुइंग इट अगेन," तू हसत म्हणालास.

"काय करतेय?"

"काही नाही. तिळगूळ दे. ओह सॉरी, आय ॲम डायबेटिक."

हे आपलं नीट झालेलं शेवटचं बोलणं.

चारच्या सुमाराला हॉलच्या पलीकडे तुझ्या डाव्या हातातली प्लेट खाली पडली. मी वळून पाहिलं. तू भिंतीला टेकला होतास, कपाळावर घाम, आणि समोरच्याला काहीतरी सांगत होतास ते जड जिभेने. ती जीभ मी ओळखते, नंदू. रात्री-बेरात्री फोनवर तिच्याशी बोलले आहे मी. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि तिच्यापुढे दुसरी कुठली यायला जागाच राहिली नाही. मी घाबरले नाही. मी संतापले.

बर्वे डॉक्टर तुझ्यापाशी आधी पोचले. "शुगर लो झालीय! साखर आणा कुणीतरी!" सगळा हॉल धावला. सगळ्यांना माहीत होतं ना. कुणी सरबत आणलं, बर्वे काकूंनी तिळाचा लाडू कुस्करून तुझ्या तोंडात घातला. चार वर्षांत पहिल्यांदा मंडळाने तुला गोड दिलं. त्याचा चुरा तुझ्या ओठाच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडत होता.

"आई, मामाचा तोंड असा का झाला?" इरा माझ्या कानाशी म्हणाली. "वन साइडला गेला."

"शुगर कमी झाली की होतं तसं," मी म्हणाले. माझ्या पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही. स्ट्रोकची औषधं मी आठवड्यातले पाच दिवस हाताळते.

बर्वे डॉक्टरांनी खिशातून मशीन काढलं. "बोट दे रे नंदू. एक मिनिटाचं काम." आणि मी त्यांचं मनगट धरलं.

मला तो आकडा नको होता. तो नॉर्मल येणार, हे मला एकटीलाच माहीत होतं. नॉर्मल आला की ते म्हणणार, अरे, मग हे काय आहे? मग ते तुझ्या तोंडाजवळ वाकणार, त्यांना वास येणार, आणि दीडशे माणसांसमोर चार वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार. "काका, राहू दे," मी म्हणाले. "मी आहे ना. त्याला होतं असं कधी कधी, मला सवय आहे. घरी नेते."

"अगं, पण निदान ॲम्ब्युलन्स..."

"नको, काका."

बहीण म्हणतेय, त्यात फार्मसिस्ट. बर्वे डॉक्टर मागे सरले आणि त्यांनी मशीन खिशात ठेवलं. मी हात धरला नसता तर आकडा नॉर्मल आला असता, ते म्हणाले असते मग हे काय आहे, आणि त्यांनी तुझ्याकडे डॉक्टर म्हणून पाहिलं असतं. सगळ्या हॉलला वाटलं डायबेटिस, मला वाटलं दारू. तुझ्या डोक्यात रक्त सांडत होतं, ते कुणालाच दिसलं नाही.

गाडी श्रीकांत चालवत होता. मागच्या सीटवर तू काचेला डोकं टेकून. मी पुढूनच, मागे वळूनही न बघता विचारलं, "किती घेतलीस?"

"नाही," तू म्हणालास. मग खूप प्रयत्न करून पुन्हा, "ताई... नाही."

बाकीचं काही कळलं नाही. हे 'नाही' मी किती वर्षं ऐकत आले होते. प्यायलेला असायचास तेव्हाही तू हेच म्हणायचास, तोंडाला भपकारा येत असताना.

"तोंड बंद ठेव," मी म्हणाले. मी तुझ्याशी बोललेलं हे शेवटचं.

वर नेऊन तुला कुशीवर झोपवलं, शेजारी बादली ठेवली, पूर्वी ठेवायचे तशी. जिन्यात श्रीकांत म्हणाला, "सुनीता, वास तर येत नाहीये." मी म्हणाले, "व्होडकाला येत नाही." आणि दार ओढून घेतलं. उठल्यावर तुला काय काय सुनवायचं, ते मी स्वयंपाक करता करता जुळवत होते. सकाळी आठला चहा घेऊन गेले तर तू उठत नव्हतास.

स्कॅन झालं, मेंदूत मोठा रक्तस्राव होता. सोमवारी दुपारी तू गेलास. त्याआधी हॉस्पिटलातल्या तरुण रजिस्ट्रार डॉक्टरला मी एकच प्रश्न विचारला, "ब्लडमध्ये अल्कोहोल?" तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, कागद उलटला आणि म्हणाली, "निल."

दुसऱ्या बहिणीने तिथे हंबरडा फोडला असता. मी हिशेब केला. रक्त घेतलं रविवारी सकाळी दहाला. शनिवारी चारला प्यायलेली दारू अठरा तासांत उतरून जाऊ शकते. म्हणजे तो 'निल' काहीच सांगत नाही. शनिवारी चारलाच तुला तिथे नेलं असतं तर खरं काय ते कळलं असतं, आणि तू कदाचित वाचलाही असतास. मोठ्या डॉक्टरांना तेही विचारलं. "सांगणं कठीण आहे," ते म्हणाले. आम्ही नातेवाइकांना कुठली वाक्यं कधी देतो, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या दयाळूपणाचाही मला संशय आहे.

आता कळलं ना, बाटली सापडल्यावर मला मोकळं का वाटलं? तू प्यायला असशील तर मी एक फसवली गेलेली बहीण. तू प्यायला नसशील तर मदत मागणाऱ्या भावाला मी तोंड बंद ठेव म्हटलं आणि मरायला दार लावून घेतलं. तीन आठवडे मी तुझ्याविरुद्ध पुरावा शोधते आहे, नंदू. तू दोषी निघावास म्हणून. असली बहीण वैऱ्यालाही मिळू नये.

क्रेमेटोरियममध्ये तुझ्या ग्रुपची नऊ माणसं आली होती. मंडळातल्या बायकांनी विचारलं, कोण हे? "ऑफिसचे," मी म्हणाले. तुझ्या पेटीशेजारी उभी राहून आणखी एक खोटं. त्यांतला कॉलिन, तो मानेवर टॅटूवाला, साठीचा, परांच्या बांधणारा धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा रडत होता. मला वाटलं, हा नक्की टाकून आलाय. त्याने मला मिठी मारली आणि मी वास घेतला. पेपरमिंट. तो मागे झाला, डोळे पुसले, आणि रडता रडता हसला. "ही सेड यू'ड डू दॅट," म्हणाला.

तू ग्रुपमध्ये मला 'कस्टम्स' म्हणायचास म्हणे. माझ्याकडे यायच्या दिवशी तू बॅग कशी भरायचास, तेही त्याने सांगितलं. कपडे एका बाजूला, टॉयलेट बॅगची चेन उघडी, बूट वेगळ्या पिशवीत, मला फार शोधाशोध करावी लागू नये म्हणून. ती नीट भरलेली बॅग पाहून मला दर वेळी वाटायचं, एवढी टापटीप कशाला, काहीतरी नक्की आहे. तू मला राग न धरता झडती घेऊ देत होतास आणि मी तुझ्या टापटिपीवरही खूण करून ठेवत होते.

मी कॉलिनला विचारलं, त्या दिवशी माझा भाऊ मंडळात सगळं सांगायला निघाला होता का? तो म्हणाला, नाही. त्या दिवशी ट्रेनमधून तुझा त्याला फोन आला होता. तू म्हणालास, मी नाही सांगणार. ते खोटं ताईचं आहे, तिच्या हातून हिसकावून घेण्यात अर्थ नाही, तिचं तिने सोडलं तर सुटेल. आज नुसता तिला भेटायला चाललोय. आवाज कसा होता, मी विचारलं. छान होता, तो म्हणाला. पण तो फोन बाराचा. बाराला छान होता म्हणजे चारला छान होता असं होत नाही. बघ, अजूनही सुटत नाही माझं.

परवा तुझ्या फ्लॅटवरून आले तर बर्वे काकूंचा फोन. तसा तो रोजच येत होता. "दोन घास खाली उतरत नाहीत गं यांच्या. सारखं तेच. मी शुगर चेक करायला हवी होती म्हणतात. नॉर्मल आली असती तर मला कळलं असतं, हट्ट का नाही केला मी. तीस वर्षं डॉक्टरकी करून डोळ्यांसमोर माणूस घालवला म्हणतात." दर वेळी मी म्हणायचे, "काकांना सांगा, त्यांची काही चूक नाही." तेवढ्याने माणूस सुटत नाही, हे मला कळत होतं. ते आपल्या परीने अगदी बरोबर बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यातली नेमकी जी गोष्ट चुकीची होती, ती फक्त माझ्याकडे होती. मी गप्प बसले असते तर त्यांनी ते ओझं मरेपर्यंत वाहिलं असतं, आणि माझं तेवढंच हलकं झालं असतं. काल सकाळी मी तोही विचार करून पाहिला.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. बर्वे डॉक्टर खिडकीशी बसले होते, दाढी वाढलेली. माझ्याकडे नीट बघत नव्हते. मी बसलेसुद्धा नाही.

"काका, नंदूला डायबेटिस नव्हता."

त्यांना ऐकूच गेलं नसावं असं वाटलं. मग मी सगळं सांगितलं. दारू, रिहॅब, ती दिवाळी, लाडू, आईचं चूर्ण, संक्रांत. पाच मिनिटंही लागली नाहीत. चार वर्षं जपलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणून माझा हात धरलास," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटत होतं, मी म्हातारा झालो म्हणून तुझं ऐकलं."

"नाही, काका. मला लाज वाटत होती त्याची, म्हणून धरला. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आणि त्या दिवशी? घेतली होती का त्याने?"

त्यात कुत्सित काही नव्हतं. डॉक्टर पेशंटची माहिती विचारतो तसं विचारलं त्यांनी. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या भावाबद्दल असं विचारायची हिंमत कशी होते कुणाची? आणि मग लक्षात आलं, हा प्रश्न याच आवाजात मी तुला चार वर्षं विचारत होते. तू एकदाही चिडला नव्हतास.

माझ्या पर्समध्ये तो हॉस्पिटलचा 'निल'वाला कागद होता. त्याची किंमत मला माहीत होती आणि त्यांनाही कळली असती. मी पर्स उघडली नाही.

"नाही," मी म्हणाले. "घेतली नव्हती."

"नक्की?"

"नक्की."

"तुला कसं माहीत?"

"मी विचारलं होतं त्याला, काका. गाडीत. त्याने सांगितलं."